3 किलोवॉटच्या फायबर लेझरचा फोकस गरम झाल्यावर सरकतो, तो किती सरकला ते कसं मोजायचं?

सकाळी कट चकाचक आणि अर्ध्या तासाने खालून बर (कडेला चिकटलेला धातू), असं तुम्ही लिहिलंय; ते वाचून माझा पहिला संशय प्रोटेक्टिव्ह काचेवर, म्हणजे भिंगाला धूर-ठिणग्यांपासून वाचवणाऱ्या सपाट काचेवर. मोजमापाच्या आधी ती बदलून बघा.

कारण असं. ही काच ज्याची असते ती फ्यूज्ड सिलिका तापली की अपवर्तनांक दर अंशाला साधारण 0.00001 ने वाढतो. मध्ये गरम, कडेला गार, म्हणजे सपाट काचच हलकं बहिर्गोल भिंग होते आणि फोकस वर चढतो. 150 मिमीचं भिंग, 10 मिमीचा बीम धरून मी आकडेमोड केली: स्वच्छ काचेने दहा हजारावा भाग शोषला, म्हणजे 0.3 वॅट, तर फोकस 0.3 मिमी सरकतो. 100 मायक्रॉनचा फायबर आणि 100 मिमीचा कोलिमेटर (फायबरमधून पसरत येणारा बीम समांतर करणारं भिंग) असेल तर रेले लांबी, म्हणजे फोकसच्या वर-खाली बीम जवळपास बारीकच राहतो ते अंतर, 2 मिमीच्या वर जाते, म्हणून कळतही नाही. धुरकट काचेने दहापट शोषलं की तेच 3 मिमी.

वर्कशॉपमध्ये मोजायचं तर मशीन गार असताना पातळ पत्र्यावर फोकस 1-1 मिमीने बदलत रेघा मारा आणि सगळ्यात बारीक रेघ कुठे पडते ते लिहून ठेवा. मग पाच मिनिटं पूर्ण पॉवरवर कटिंग करा आणि लगेच पुन्हा रेघा. लगेच म्हणजे खरंच लगेच, कारण काचेचा बीमच्या रुंदीएवढा भाग काही सेकंदांतच निवायला लागतो. दोन्हींतला फरक हा तुमचा शिफ्ट.

नेमका आकडा हवा असेल तर कमी आणि पूर्ण पॉवरवर फोकसच्या वर-खाली बीमचा व्यास कॅमेऱ्याने मोजावा लागतो. इथे मी स्वतः फसलोय. कॅमेऱ्यापुढचा एनडी फिल्टर (प्रकाश मंद करणारी गडद काच) तापून तोच भिंग बनला होता आणि मी दोन दिवस कटिंग हेडला शिव्या घालत होतो! आधी वेज काचेच्या (पाचरीसारख्या किंचित तिरक्या काचेच्या) पुढच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला जेमतेम 4 टक्के बीम घ्या, उरलेला पाण्याने गार केलेल्या डंपमध्ये (बीम शोषून घेणाऱ्या ठोकळ्यात) सोडा, फिल्टर त्यानंतर.

लायगोमध्ये (गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या वेधशाळेत) 40 किलोच्या आरशांचं हेच दुखणं वेगळ्या प्रोब बीमने (तपासणीपुरत्या दुसऱ्या बीमने) आणि प्रकाशलहरीचा आकार किती बिघडला ते दाखवणाऱ्या हार्टमन सेन्सरने मोजतात. आपल्या हिंगोलीतल्या औंढा नागनाथच्या लायगो-इंडियातही ते लागेलच. तुम्हाला तेवढं नको.

नवी काच लावूनही फोकस चढत असेल तर कोलिमेटर उघडायला सर्व्हिसवाल्याला बोलवा, स्वतः उघडू नका.