वाचकांचे प्रश्न : दुपारची गोळी कुठे अडते?

प्रश्न : वडिलांना कंपवात आहे. लेवोडोपा-कार्बिडोपाची सकाळची गोळी चहाआधी घेतली की तासाभरात हात सुटतो. दुपारी मटकीची उसळ, वरणभात, ताक झाल्यावर घेतलेली तीच गोळी मात्र वाया जाते. असं का? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : पेशीभोवतीचं आवरण जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीचं, पण आतून तेलकट असतं. डायझेपामसारखी (चिंता कमी करणारं औषध) तेलात विरघळणारी औषधं त्यातून आपोआप पार होतात. मेंदूला हवं असतं डोपामिन, म्हणजे हालचालींचे निरोप पोचवणारं रसायन, पण ते रक्तातून मेंदूत शिरूच शकत नाही. म्हणून लेवोडोपा देतात, मेंदूत पोचल्यावर त्याचंच डोपामिन होतं. त्याची घडण अमिनो आम्लाची, त्यामुळे अमिनो आम्लांची ने-आण करणारी वाहक प्रथिनं त्यालाही आत घेतात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरच्या अशा मुख्य वाहकाचं नाव लॅट-१. कार्बिडोपा मेंदूत जात नाही. लेवोडोपाचं वाटेतच डोपामिन होऊ नये, एवढंच त्याचं काम.

घोटाळा इथेच होतो. उसळ, वरण आणि ताकातली प्रथिनं पचली की ल्युसिन, फेनिलॲलनिन वगैरे अमिनो आम्लांची झुंबड उडते. वाहक मोजकेच. स्वारगेटला बस लागल्यावर होतं तेच इथे, आणि दोनदा : आधी आतड्यात, मग मेंदूच्या दाराशी. शिवाय भरल्या पोटातून गोळी पुढे सरकतेही उशिरा, आणि ती शोषली जाते ती लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात.

साधी गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर किमान एक तासाने, पेलाभर पाण्याबरोबर द्या. दुधाबरोबर नको. मळमळलं तर मूठभर चुरमुरे किंवा अर्धं केळं चालेल. लोहाची गोळी चालू असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा. लोह लेवोडोपाला आतड्यातच धरून ठेवतं.

प्रथिनं तोडू मात्र नका, या वयात स्नायू झडायला वेळ लागत नाही. उसळ, पनीर, अंडी रात्रीच्या जेवणात घ्या. दिवसा भाकरी, भाजी, भात. रात्री मग अंग थोडं जड राहू शकतं, ते धरून चाला.

आठवडाभर गोळीची, जेवणाची आणि हात सुटल्याची वेळ वहीत लिहा. रिकाम्या पोटीही गोळी उशिरा लागत असेल तर बद्धकोष्ठता आहे का ते पाहा, आणि वही घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. मात्रा परस्पर वाढवू नका. गोळी एकाएकी बंद तर मुळीच नको : अंग ताठरून तीव्र ताप येऊ शकतो. गोळी सावकाश विरघळणाऱ्या प्रकारची असेल तर वेळा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, आणि ती कुटून देऊ नका.