‘पाचही बटणं का लावली नाहीत?’

“खेड्यात विशेष शिक्षक म्हणून लागलेय, पण माझा काही उपयोगच होत नाही.” यंदा समुपदेशनासाठी आलेल्या तीन जणांनी मला हेच सांगितलं, म्हणून एक जुना अनुभव सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

ती जळगावकडची. विशेष बी.एड. म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवण्याची पदवी घेतलेली, त्या कामासाठी लागणारी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेली. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या शाळांवर फिरती शिक्षिका म्हणून लागली. आज ही शाळा, उद्या ती. प्राथमिकला 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरलंय. तिच्याकडे 38 मुलं होती, घरी पावरी बोलणारी.

“मुख्याध्यापक विचारतात, याला शिकवून काय कलेक्टर करणार का? ताई, वर्ष संपत आलं, एकही मूल वाचायला लागलं नाही. मला ते जमायलाच हवं होतं.”

त्या ‘च’पाशी मी थांबले. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांवर माझा विश्वास आहे. असल्या हट्टी ‘च’मध्येच दुःखाचं मूळ असतं, असं मी मानते. दोन भेटी त्यावर बोललो. तिला पटलं, पण हललं काहीच नाही.

तिसऱ्या भेटीत म्हटलं, “ते राहू दे. एखाद्या मुलाबद्दल सांग.”

तिचा चेहराच बदलला. बौद्धिक अक्षमता असलेला नऊ वर्षांचा मुलगा, शर्टाची बटणं शिकत होता. “चार मी लावायची, पाचवं अर्धं काजात घालून ठेवायचं. त्यानं फक्त ओढायचं. मग शेवटची दोन त्याची. म्हणजे काम दर वेळी त्याच्याच हातून पुरं होतं. दोन महिन्यांत चार लावायला लागला!”

“पहिल्याच दिवशी पाचही लावली नाहीत, म्हणून नापास केलंस त्याला?”

“असं कसं करेन? आज काय येतं ते आधी लिहायचं, तिथून पुढे मोजायचं.”

“तुझं कुठून मोजतेस?”

बराच वेळ ती बोलली नाही. मग हळूच म्हणाली, “जूनमध्ये मला पावरीचा एक शब्द येत नव्हता. आता आया घरात बोलावून बसवतात.”

माझ्या कामातलं सगळ्यात मोठं समाधान मला अशा क्षणी मिळतं. जे मी दोन भेटींत समजावू शकले नाही, ते तिच्याच विद्येनं तिला सांगितलं.

नव्यानं लागलेल्यांना म्हणून माझं सांगणं: जूनमध्ये मुलांच्या नोंदीबरोबर स्वतःचीही नोंद करा. तुम्ही आठवड्यातून एकदा जाता, वर्गशिक्षक रोज असतात. त्यांना एकच युक्ती नीट शिकवा. मूल घरी वापरेल असं कौशल्य आधी घ्या, म्हणजे आई तुमच्या बाजूनं उभी राहते. दाखल्यांच्या कागदपत्रांना दुय्यम काम मानू नका. किमान 40 टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावाचून बऱ्याच सवलती अडतात. आणि ‘शिकवून काय उपयोग’ असं कुणी विचारलं, तर शांतपणे सांगा की 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अशा मुलांना 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय.

कंत्राटाची टांगती तलवार, अपुरा पगार ही दुःखं मात्र खरी आहेत. ती विचार बदलून जात नाहीत, त्यासाठी संघटनेकडे जा. माझ्याकडे या, ते ‘मीच कमी पडले’ हे मनात घर करू लागलं की.