दादाशी भांडू नकोस

प्रिय मुली,

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. दादाने गावातल्या पोरांचा गट केलाय, रात्री अकरानंतर फाट्यावर काठ्या घेऊन बसतात, अनोळखी गाडी दिसली की अडवतात. आणि तू "हे मुलं पळवणाऱ्या टोळीचं सगळं खोटं आहे" म्हणालीस, तर तीन दिवस त्याने तुझा फोन उचलला नाही. वाचून रात्री झोप लागली नाही. मी त्याला तीन वर्षं विज्ञान शिकवलंय. आठवीत असताना शाळेमागच्या विहिरीत कुत्र्याचं पिल्लू पडलं, तेव्हा कुणाला न विचारता दोर बांधून उतरलेला पोरगा तो.

तू विचारतेस, "बाई, शिकलेली माणसं असल्या गोष्टींवर विश्वास कसा ठेवतात?" मला वाटतं, आधी ते पिल्लू डोळ्यांसमोर आण. ही गोष्ट त्याच्या अडाणीपणाला चिकटलेली नाही, मायेला चिकटली आहे. म्हणून ती सुटत नाही.

राईनपाड्याचं तुला आठवत नसेल, तू तेव्हा शाळेत होतीस. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं आदिवासी गाव. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी भिक्षा मागत फिरत होते. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या बातम्या आठवडाभर मोबाइलवर फिरत होत्या. कुणीतरी म्हणालं, हेच ते. पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून लोकांनी मारून टाकलं. मारताना काही जण मोबाइलवर चित्रण करत होते.

माझ्या लहानपणी डवरी दारात आला की आजी ओंजळभर बाजरी घेऊन उठायची. तो डवर, म्हणजे डमरूसारखं वाद्य, वाजवायचा, घरातल्या लेकरांची नावं विचारायचा आणि त्यांना आशीर्वाद द्यायचा. लेकरांची नावं विचारणारा माणूस तेव्हा घरच्यांना शुभ वाटायचा. तोच माणूस माझ्या हयातीत संशयित झाला. ही गोष्ट मला अजून सहन होत नाही.

त्या वर्षी देशभर जो व्हिडिओ फिरला, तो तूही पाहिला असशील. दोघे मोटारसायकलवर येतात, गल्लीत खेळणाऱ्या मुलांमधलं एक लेकरू उचलतात आणि पळतात. त्यातली घटना खरी नव्हती, कुणीतरी ती मुद्दाम रचून चित्रित केली होती. पाकिस्तानात, कराचीत, हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी तो केला होता. मूळ चित्रफितीत मोटारसायकल वळून परत येते, लेकराला पुन्हा खाली ठेवतात आणि मागे बसलेला एक फलक उघडून दाखवतो. शेवटचे हे काही सेकंद कुणीतरी कापले. मुलांच्या काळजीपोटी केलेल्या फितीची शेपटी कापली आणि तिच्या जोरावर माणसं मेली. त्याच जुलैत व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तोवर उशीर झाला होता.

आता याला आपल्या खेड्यांचं मागासलेपण म्हणू नकोस. शहरात राहायला लागल्यावर तसं वाटायला लागतं, म्हणून सांगते. वॉशिंग्टनमध्ये, अमेरिकेच्या राजधानीत, एक पिझ्झाचं हॉटेल आहे. मागच्या खोलीत टेबल टेनिसची टेबलं, शनिवार-रविवारी पोराबाळांची गर्दी. २०१६ च्या निवडणुकीत हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखाचे ईमेल चोरून उघड करण्यात आले. त्यांत पिझ्झाचा उल्लेख होता. काही लोकांनी ठरवलं की हा सांकेतिक शब्द आहे, मोठे नेते त्या हॉटेलच्या तळघरात लहान मुलांना डांबून ठेवतात. ४ डिसेंबर २०१६ ला, रविवारी, नॉर्थ कॅरोलिनातला २८ वर्षांचा एक तरुण साडेतीनशे मैल गाडी चालवत तिथे गेला. हातात रायफल. आत मुलं, आईबाप जेवत होते, ते जीव घेऊन पळाले. एक दार कुलूपबंद दिसलं, त्यावर त्याने गोळ्या झाडल्या. आत संगणकाचं सामान निघालं. तळघर नव्हतंच, त्या इमारतीला तळघरच नाही. त्याने बंदूक खाली ठेवली आणि हात वर करून बाहेर आला. पुढे एका पत्रकाराला तो म्हणाला, मिळालेली माहिती शंभर टक्के बरोबर नव्हती. चार वर्षांची शिक्षा झाली.

हा माणूस दोन मुलींचा बाप. हैतीतल्या भूकंपानंतर चर्चच्या लोकांबरोबर मदतीला गेलेला. निघण्याआधी त्याने मित्रांना मेसेज केले होते, अनेकांसाठी काहींचे जीव द्यावे लागले तरी चालतील अशा अर्थाचे. वाटेत गाडीतून घरच्यांसाठी निरोपाचा व्हिडिओही केला. आपण मुलं सोडवायला चाललोय, याची त्याला खात्री होती. एवढं करून त्याने डोळ्यांनी पाहिलं की आत काही नाही. तरीही गोष्ट मेली नाही. दोन वर्षांनी, जानेवारी २०१९ मध्ये, दुसऱ्या एकाने त्याच हॉटेलच्या मागच्या खोलीत आग लावली. 'तिथे काही सापडलं नाही' याचा अर्थ मानणाऱ्यांनी लावला: आधीच हलवलं असणार.

दादाशी पुराव्याने वाद घालून का भागत नाही, ते इथे दिसतं. पुरावा नसला तर लपवलाय, पुरावा विरुद्ध असला तर बनवलाय. सांगणारा पत्रकार असेल तर विकलेला, पोलीस असेल तर सामील, आणि बहीण असेल तर शहरात जाऊन बिघडलेली.

आणि मुलांची ही भीती फार जुनी आहे, पोरी. इंग्लंडात नॉर्विच नावाच्या गावी ११४४ मध्ये एका मुलाचं प्रेत सापडलं आणि ते ज्यूंनी मारलं अशी कथा रचली गेली. मग युरोपभर पुढची कित्येक शतकं कुठे मूल हरवलं की ज्यूंवर आळ यायचा, कधी त्यांची वस्तीही जळायची. १४७५ मध्ये इटलीतल्या ट्रेंटोत एक लहान मुलगा मेला, तेव्हा तिथल्या ज्यू पुरुषांचा छळ करून कबुलीजबाब घेतले आणि त्यांना जाळलं. त्या मुलाची पूजा चर्चने बंद केली ती थेट १९६५ मध्ये. कारस्थान रचणाऱ्यांची नावं गावागणिक बदलतात, लेकरू मात्र तेच असतं. लेकराचं नाव घेतल्यावर शंका काढणारा माणूसच निर्दयी ठरतो. तुला दादाने तेच ऐकवलंय ना, "तुला मूल झालं की कळेल"?

अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारे बहुतेक लोक आयुष्यात कुणावर हात उगारत नाहीत. घरी बसतात, चहा पितात, फॉरवर्ड करतात. म्हणून प्रत्येकाला गुन्हेगार समजू नये. पण काहींच्या बाबतीत एक वळण येतं. अमेरिकेच्या तपास यंत्रणेने, एफबीआयने, मे २०१९ मध्ये आपल्याच लोकांसाठी काढलेल्या टिपणात कारस्थानकथांमुळे देशातले काही जहाल लोक हिंसेकडे वळतील असा स्पष्ट इशारा दिला होता. माझ्या मते ते वळण असं ओळखता येतं. बिचारं कुणीतरी संकटात आहे, एवढं वाटत असेल तोवर माणूस फार तर रडतो. पोलीस, तहसीलदार, वर्तमानपत्र सगळेच सामील आहेत असं ठरलं, की तक्रार करायला दार उरत नाही. आणि त्यात 'आता वेळ नाही' हे मिसळलं की हातातल्या काठीशिवाय दुसरं काहीच सुचत नाही.

२७ ऑक्टोबर २०१८ ला अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, शनिवारच्या प्रार्थनेला बसलेल्या ११ जणांना एकाने गोळ्या घातल्या. त्यांत ९७ वर्षांच्या आजी होत्या. निर्वासितांना मदत करणारी एक ज्यू संस्था 'आपल्या माणसांना' मारायला बाहेरचे लोक आणते, अशी त्याची खात्री होती. आत शिरण्याच्या जरा आधी त्याने लिहिलं होतं की माझी माणसं मारली जात असताना मी बसून बघू शकत नाही. ते वाक्य ऐक. त्यात शिवी नाही, पैसा नाही. रक्षणाची भाषा आहे.

दादाच्या बोलण्यातही तू हेच ऐक. टोळीबद्दल तो काय म्हणतो ते सोड. 'पोलिसांना सांगून उपयोग नाही' असं म्हणतो का? 'कुणीतरी काहीतरी केलंच पाहिजे' असं म्हणतो का? कुठल्या एका माणसाचं, वस्तीचं, गाडीच्या नंबरचं नाव घेतो का?

पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्याला १६ एप्रिल २०२० च्या रात्री पोलीस हजर होते. तरी दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने पोलिसांसमोर मारलं. लॉकडाऊन होतं, चोर आणि अवयव काढणारे फिरतात अशी अफवा होती. आणि ते तिघे गेल्यावर त्यांच्या मरणावर लगेच दुसरी कथा उभी राहिली, मारणारे अमक्या धर्माचे म्हणून. राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांना अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की यात एकही मुसलमान नाही.

एक अवघड गोष्ट. दादा तुला म्हणेल, सरकारं खरंच कारस्थानं करतात. खरं आहे, करतात. नाही म्हणू नकोस. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ पासून चाळीस वर्षं गरीब काळ्या माणसांचा सिफिलिस हा गुप्तरोग उपचार न देता नुसता पाहत ठेवला, तोही सरकारी आरोग्य खात्याने. ते १९७२ मध्ये बाहेर आलं. कसं? त्याच खात्यात आधी काम केलेल्या एकाने कागद पत्रकाराकडे दिले, बातमी छापली, चौकशी बसली, माणसांची नावं आणि तारखा सापडल्या. खरं कारस्थान खणत जावं तसं लहान आणि नेमकं होत जातं. खोटं असतं ते खणावं तसं मोठं होतं, शेवटी सगळं जग त्यात मावतं. हा फरक मी वर्गात दोनदा शिकवला असता तर बरं झालं असतं. परीक्षेला येत नाही म्हणून राहून गेलं.

आता काय करायचं. त्याच्या पोरांसमोर काही बोलू नकोस. त्यांच्यादेखत माघार घेणं त्याला शक्य नाही. दिवाळीपर्यंत थांबूही नकोस, येत्या रविवारी ये. त्याला एकट्याला शेतावर घेऊन जा आणि एकच विचार: "गाडी अडवलीस, आत एक माणूस आणि कडेवर रडणारं लेकरू आहे. पुढे काय करशील?" तो म्हणेल, विचारपूस. "त्याला मराठी येत नसेल तर? घाबरून तो पळाला तर? तुझ्या मागच्या पंधरा जणांना तू थांबवू शकशील?" उत्तराची घाई करू नकोस. रडणारं लेकरू बापाच्या कडेवरही रडतं, हे त्याचं त्याला आठवू दे. तुझ्या भाच्याला घेऊन तो स्वतः नाशिकला दवाखान्यात गेला होता ना? एसटीत पोरगं दोन तास रडत होतं म्हणालीस.

मग त्याला काम दे. पोलीस पाटलांकडे जा म्हणावं. ग्रामसुरक्षा दल पोलीस ठाण्याच्या नोंदीत असतं, त्यात नाव घाल. संशय आला तर पोलिसांचा ११२ लावायचा, गाडीचा नंबर लिहून घ्यायचा, अंगाला हात लावायचा नाही. हे त्याने त्या पंधरा जणांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगितलं तर निम्मं काम झालं. लेकरांची काळजी आहे ना, तर मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवून घे म्हणावं, रंगाचे पैसे मी देते.

आणि समज, तो यातलं काही ऐकत नाही, आणि एक दिवस कुणाचं नाव घेऊन 'आज रात्री' म्हणतो. तर तू घरात गप्प बसायचं नाहीस. अमेरिकेत सतरा वर्षं बॉम्ब टपालाने पाठवून किंवा कुठे ठेवून तिघांना मारणारा आणि तेवीस जणांना जखमी करणारा एक माणूस होता. त्याच्या भावजयीला आधी संशय आला. १९९५ मध्ये त्याचा लांबलचक जाहीरनामा छापला गेला, तो वाचून भावाला भाषा ओळखीची वाटली. त्याने जुनी पत्रं काढून वाचली आणि तपास यंत्रणेला कळवलं. मग त्याला फाशी होऊ नये म्हणून तोच भाऊ झटला. जन्मठेप झाली. भावावर माया असणाऱ्यानेच ते केलं. हे तुला लिहिताना माझा हात जड झालाय, पण लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. तशी वेळ आली तर मला रात्री दोनलाही फोन कर. ठाण्यात मी तुझ्याबरोबर येईन.

तशी वेळ येणार नाही असं मला वाटतं. कराचीची ती फीत मी माझ्या भाच्याकडून पूर्ण मिळवून ठेवली आहे, तुला पाठवते. दादाला ती गटावर पाठवू नकोस, 'बघ, मी म्हणत होते ना' असंही म्हणू नकोस. रविवारी बांधावर बसलात की तुझ्या मोबाइलवर लाव. समोर बसू नकोस, शेजारी बस, म्हणजे दोघं एकाच बाजूने बघाल. मोटारसायकल वळेपर्यंत काही बोलू नकोस.

तुझी,
बाई

ता. क. आईला सांग, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर रविवारी तुझ्याबरोबर पाठवते.