फ्लूच्या महासाथीचा आराखडा करायला बसतोयस तर

केंद्राचा मसुदा उघडून त्यात फक्त आपल्या जिल्ह्याचं नाव घालू नकोस. आधी २००९ सालचं पुणे समजून घे. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जूनला महासाथ जाहीर केली होती. ३ ऑगस्टला देशातला पहिला स्वाइन फ्लूचा मृत्यू पुण्यात झाला आणि नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या. खरे आजारी आणि नुसते घाबरलेले एकाच रांगेत उभे राहिले, की संसर्ग तिथेच वाढतो.

त्याच महिन्यात केंद्राने अ, ब, क अशी वर्गवारी दिली. सौम्य लक्षणं असतील तर चाचणी नाही, घरी थांबायचं. गरोदर बाई, दमेकरी, मधुमेही असे जोखमीचे रुग्ण असतील तर चाचणीची वाट न बघता ऑसेल्टामिविर, कारण हे औषध पहिल्या ४८ तासांत जास्त उपयोगी पडतं. धाप किंवा छातीत दुखत असेल तर थेट भरती. ही चाळणी कुठल्या दारात, कोण लावणार, हे तुझ्या पहिल्या पानावर हवं. बाकीची प्रस्तावना कोणी वाचत नाही.

खाटा मोजणं सोपं असतं. व्हेंटिलेटर चालवणारी माणसं मोज, आणि त्यातली बरीच स्वतःच तापाने घरी असतील असं धरून मोज. बाळंतपणं आणि डायलिसिस साथीतही थांबत नाहीत, त्यांची सोय वेगळी लिही. आणि खाजगी डॉक्टरांना बैठकीला आत्ताच बोलव, पहिले पेशंट त्यांच्याकडेच जातात.