आजीचा श्लोक आणि नातीचा प्रश्न

मूळच्या सोलापूरच्या आणि आता इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका आईने लिहिले आहे की, तिच्या पंधरा वर्षांच्या मुलीला शाळेत मनुस्मृतीतील ‘न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति’ हे वचन अनुवादातून वाचायला मिळाले, तिने व्हिडिओ कॉलवर सोलापूरच्या आजीला त्याबद्दल विचारले आणि आजीने ‘यत्र नार्यस्तु पूज्यन्ते’ म्हणून दाखवून विषय मिटवला. मुलीचे समाधान झालेले नाही. आता तिला काय सांगावे?

ताई, ही दोन्ही वचने एकाच ग्रंथातली आहेत, आजींचे तिसऱ्या अध्यायातले आणि शाळेतले नवव्या, हे मुलीपासून लपवू नका. आजींच्या श्लोकाच्या मागचे-पुढचे श्लोकही तिच्याबरोबर वाचा. बाप, भाऊ, पती आणि दीर यांनी स्त्रियांना वस्त्रे, अलंकार आणि अन्न देऊन संतुष्ट ठेवावे, असे तेथे सांगितले आहे. मान आहे, पण तो पुरुषांनी द्यायचा आहे. आपल्या आयुष्याचा निर्णय स्त्रीने स्वतः घ्यावा, असे त्यात कोठेही नाही. त्यामुळे एका श्लोकाने दुसरा खोडला जात नाही, आणि या वयाच्या मुलीला ते लगेच कळते. चांगले तेवढे निवडून दाखवले, तर उरलेले ती इंटरनेटवर एकटी वाचेल. ते तुमच्या शेजारी बसून वाचलेले बरे, असे मला मनापासून वाटते.

ग्रंथ जसाच्या तसा मानायचा किंवा टाकून द्यायचा, एवढ्या दोनच वाटा नाहीत. जो धर्म पुढे दुःख देतो आणि ज्याची लोक निंदा करतात तोही सोडावा, असे मनुस्मृतीच्याच चौथ्या अध्यायात आहे. पुढे धर्मशास्त्रकारांनी पूर्वी चालत आलेल्या, पण कलियुगात करू नयेत अशा गोष्टींची ‘कलिवर्ज्य’ ही यादीच केली. नियोग, म्हणजे अपत्यासाठी स्त्रीने दिरासारख्या दुसऱ्या पुरुषाशी संबंध ठेवण्याची जुनी चाल, त्यात आहे. समुद्रप्रवास करून आलेल्या द्विजाला, म्हणजे वरच्या तीन वर्णांतल्या माणसाला, त्याने प्रायश्चित्त घेतले तरी, पुन्हा आपल्यात घेऊ नये, हेही त्यात आहे. तुम्ही परदेशी निघालात तेव्हा हा नियम घरात कोणाला आठवला तरी होता का? हे उदाहरण मुलीला जरूर द्या. मात्र समुद्राचा नियम इतका सहज सुटला आणि बायकांवरचे व जातीचे नियम सुटायला एवढा झगडा का करावा लागला, हेही तिला विचारू द्या.

त्याचे उत्तर पोथीत सापडणार नाही, आपल्या जिल्ह्यात सापडेल. पुढच्या सुट्टीत सोलापूरला याल तेव्हा तिला पंढरपूरला न्या आणि नामदेव पायरीजवळची, महार म्हणून मंदिरात प्रवेश नाकारलेल्या संत चोखोबांची समाधी दाखवा. ती मंदिराच्या बाहेर का आहे, हे सांगा. त्याच विठ्ठलाचे दार दलितांना उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये तेथे उपोषण करावे लागले. त्याच्या सुमारे वीस वर्षे आधी, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले होते, आणि ज्यांना त्या ग्रंथाने माणूस म्हणून नाकारले त्यांना ते का करावे लागले, हे तिला अजिबात सौम्य न करता सांगा. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क देशभर मिळायला तर २००५ सालची हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्ती यावी लागली.

आजींना मात्र नातीसमोर चूक ठरवू नका. नातीला मान मिळावा म्हणूनच त्यांनी तो श्लोक म्हटला. एखाद्या दुपारी निवांत फोन करून त्यांना विचारा की, त्यांची शाळा कोणी थांबवली किंवा चालू ठेवली, लग्न कोणी ठरवले आणि त्यांच्या मनात तेव्हा काय होते. धर्माच्या चार आधारांत श्रुती, स्मृती आणि सदाचार यांच्याबरोबर मनूने स्वतःच्या मनाला जे पटते तेही धरले आहे, पण तो चौथा आधार आजींना आजवर बहुधा कोणी विचारलेला नसेल. त्या बोलल्या, तर ते नातीला त्यांच्याच तोंडून ऐकू द्या.