प्रत काढली, तरी मूळ लिस्ट का बदलली?

प्रश्न : मी नुकतीच पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकू लागले आहे. वर्गातल्या मुलांच्या नावांची ‘हजेरी’ ही लिस्ट केली, मूळ यादी सुरक्षित राहावी म्हणून ‘नवी = हजेरी’ असे लिहिले आणि ‘नवी’मध्ये एक नाव वाढवले, तर ते ‘हजेरी’मध्येही आले. संख्यांच्या बाबतीत असे होत नाही. मग लिस्टऐवजी टपल (एकदा केल्यावर न बदलणारी यादी) वापरावे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ‘नवी = हजेरी’ या ओळीने प्रत निघत नाही; मेमरीत असलेल्या त्याच लिस्टला दुसरे नाव मिळते. घरी बंड्या आणि शाळेच्या पटावर वेगळे नाव असलेल्या मुलाला कोणत्याही नावाने हाक मारून त्याचे केस कापले, तरी डोके एकच असते. वस्तूचा ओळख-क्रमांक सांगणारे ‘आयडी’ हे फंक्शन दोन्ही नावांवर चालवून पाहा, आकडा सारखाच येईल.

‘ख’ हे नाव ५ ला दिलेले असताना ‘ख = ख + १’ लिहिल्यावर मात्र ५ या संख्येत काहीच बदलत नाही; ६ ही वेगळी वस्तू असते आणि ‘ख’ हे नाव तिला लावले जाते. संख्या, स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) आणि टपल अशा अपरिवर्तनीय आहेत, तर लिस्ट, सेट (म्हणजे संच) आणि डिक्शनरी (की म्हणजे शोधखूण आणि तिचे मूल्य अशा जोड्या) जागच्या जागी बदलतात. लिस्टच्या शेवटी नाव वाढवणारी अपेंड ही मेथड नेमके हेच करते.

टपलचा खरा उपयोग, जे बदलूच नये तिथे आहे, उदाहरणार्थ नकाशावरचे अक्षांश-रेखांश. ही जोडी टपलमध्ये असेल तर डिक्शनरीची की म्हणूनही चालते. लिस्ट चालत नाही, कारण कीच्या मजकुरावरून हॅश (म्हणजे एक संख्या) काढून तिची जागा ठरते आणि मजकूर नंतर बदलला तर ती सापडणार कशी? तरीही टपलवर आंधळा विश्वास ठेवू नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. टपलच्या आत लिस्ट असेल, तर त्या लिस्टमध्ये खुशाल भर घालता येते, आणि मग असे टपल की म्हणून चालत नाही.

तुमची यादी बदलत राहणार, त्यामुळे तिथे लिस्टच योग्य आहे. ‘हजेरी’वर कॉपी ही मेथड चालवून ‘नवी’ तयार करा. पुढे प्रत्येक नावासोबत गुणांची आतली लिस्ट ठेवलीत, तर कॉपी फक्त बाहेरच्या लिस्टचीच निघते आणि आतल्या लिस्ट दोन्हीकडे सामाईक राहतात. त्या वेळी कॉपी मॉड्यूलमधले, आतल्या लिस्टचीही प्रत काढणारे डीपकॉपी वापरा.