स्टेम सेलसाठी भरलेला अॅडव्हान्स परत मिळेल का?

ताई, मेसेज वाचला. नाशिकच्या सिडकोतलं मोफत शिबिर, तिथून क्लिनिक, आईंच्या पोटातली चरबी काढून त्यातले स्टेम सेल (ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनतात त्या मूळ पेशी) गुडघ्यात सोडणार, दोन्ही गुडघ्यांचे 3 लाख, त्यातले 50 हजार भरून झालेत, आणि आता तुमचं मन धजत नाहीये तर पावतीवर 'नॉन रिफंडेबल'चा शिक्का.

इंजेक्शन अजून झालं नाहीये ना, मग तुमची बाजू आत्ता सगळ्यात भक्कम आहे. त्यांना लेखी एकच विचारा, व्हॉट्सअॅपवर विचारलं तरी चालेल, की ही ट्रायल (म्हणजे अजून चाचणी चाललेला प्रयोग) आहे का ट्रीटमेंट? कारण आयसीएमआर, म्हणजे केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या 2017 च्या गाइडलाइन्सप्रमाणे स्टेम सेल नेहमीची ट्रीटमेंट म्हणून फक्त रक्ताच्या वगैरे ठराविक आजारांत, बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतो ते, बाकी सगळी ट्रायल, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत, वर सीटीआरआय या ट्रायल्सच्या सरकारी रजिस्टरवर नोंदणी आणि एथिक्स कमिटीची परवानगी लागते. ट्रीटमेंट म्हणाले तर मंजुरीचा कागद मागा. बघा काय उत्तर येतं.

त्यांनी दाखवलेलं स्टेम सेलला मंजुरी मिळाल्याच्या बातमीचं कात्रण खोटं नाहीये हां. 2022 मध्ये गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी, म्हणजे सांध्याच्या झिजेसाठी, एका प्रॉडक्टला डीसीजीआयने (देशाच्या औषध नियंत्रकाने) खरंच मंजुरी दिली. पण ते दुसऱ्या डोनरच्या बोन मॅरोपासून कंपनीत बनतं आणि ग्रेड 2-3 साठी आहे, आईंची चरबी क्लिनिकमध्ये काढून परत टोचणं ही वेगळीच गोष्ट, त्यात एक्सरेवर ग्रेड 4, म्हणजे सगळ्यात जास्त झीज, आहे असं तुम्हीच लिहिलंय. शेजाऱ्याच्या लायसनवर आपण गाडी चालवायची, तसला प्रकार.

पैशांचं म्हणाल तर शिक्का मारला म्हणून विषय संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये खोटी आश्वासनं देऊन घेतलेले पैसे असे अडवण्याला 'अनफेअर ट्रेड प्रॅक्टिस', म्हणजे ग्राहकाला फसवणारा व्यवहार, म्हणून आव्हान देता येतं. तपासण्या खरंच केल्या असतील तर तेवढे कापतील, ते मान्य करा, उगाच ताणू नका. बाकीचे परत मागणारं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या, नाहीच ऐकलं तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. 5 लाखांपर्यंत फी लागत नाही, वकीलही लागत नाही (माझंच नुकसान करतोय, पण खरंय ते). मुदत 2 वर्षांची असते.

आणि केस पेपर, एक्सरे, रिपोर्ट सगळ्याच्या कॉपी आजच लेखी अर्ज देऊन मागा, 72 तासांत द्याव्या लागतात. इंग्रजी कन्सेंट फॉर्मवर आईंची सही तर अजिबात नको. 2008 च्या समीरा कोहली केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय, धोके काय, दुसरे पर्याय काय हे पेशंटला आधी नीट समजावून सांगायला हवं, नुसती सही म्हणजे संमती नव्हे.

'श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी मारतील' असं तिथला मॅनेजर म्हणाला ना, म्हणजे त्र्यंबकेश्वरचा डोंगर चालतील इतके गुडघे बरे होतील म्हणून? ते व्हॉट्सअॅपवर असेल तर डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा, तक्रारीला तोच जोडायचाय.